दाराशीच हवापालट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘हवापालट’ हा शब्द हल्ली फारसा कानावर पडत नाही. माझ्या लहानपणी तो घरोघरी होता. कुणी टायफॉईडमधून उठलं, कुणी बाळंतपणात खंगली, कुणाचा मुलगा नापास होऊन घुम्यासारखा बसू लागला, की डॉक्टर औषध लिहून देत आणि उठता उठता म्हणत, ‘जरा हवापालट करा.’ ऐपत असलेले माथेरानला, पाचगणीला, देवळालीला जात. ऐपत नसलेले मामाच्या गावाला जात. महिनाभराने माणूस परत येई तो अंगावर थोडं मांस घेऊन, आणि मुख्य म्हणजे बोलता होऊन.

आज मी या जुन्या शब्दाबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, निसर्गाचा अभ्यासकही नाही. मुंबईत एका कचेरीच्या हिशेब खात्यात अठ्ठावीस वर्षं आकडेमोड केलेला आणि टिटवाळ्याला राहणारा साधा माणूस आहे. पण हवापालट ही माथेरानला जाऊनच करायची गोष्ट नाही, ती दाराशीही होते, हे मला फार उशिरा कळलं. तो उशीर तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा प्रपंच.

टिटवाळा तुम्हाला ठाऊक असेलच, ते महागणपतीमुळे. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याणनंतर शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. अंगारकीला इथे पाय ठेवायला जागा नसते. इथे कण्व मुनींचा आश्रम होता, दुष्यंताने ओळख न दिलेल्या शकुंतलेने इथेच गणेशाची आराधना केली, अशी आख्यायिका आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात तळ्याचा गाळ उपसताना मूर्ती सापडली, असंही सांगतात. कथा खरी की नाही, हा वाद मी घालत नाही. पण ज्यांनी ती रचली त्यांना आश्रमासाठी ही जागा योग्य वाटली, यातच काय ते आलं. आश्रम म्हटला की झाडी हवी, नदी हवी, शांतता हवी. आमच्या गावाला नदी आहे. तिचं नाव काळू. माळशेजच्या बाजूने सह्याद्रीतून उतरते, मुरबाड तालुक्यातून येते आणि टिटवाळ्याला वळसा घालून पुढे उल्हास नदीला मिळते.

आम्ही १९८८ साली टिटवाळ्याला राहायला आलो. कारण सरळ होतं. डोंबिवलीत ज्या पैशांत एक खोली येत होती, त्या पैशांत इथे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी मिळत होती. नातेवाईकांना सांगताना मात्र आम्ही म्हणायचो, ‘गणपती जवळ आहे आणि हवा चांगली आहे.’ ती हवा मी कधी घेतली, हे विचाराल तर उत्तर अवघड आहे. पहाटे अंधारात घर सोडायचं, लोकलने दीड तास मुंबई, संध्याकाळी पुन्हा दीड तास, आणि अंधारातच घरी. हिशेब खात्यातला माणूस असल्याने निवृत्तीनंतर एकदा मी कागदावर मांडून पाहिलं. दिवसाला तीन तास, वर्षाचे तीनशे दिवस, अठ्ठावीस वर्षं. २५,२०० तास झाले. म्हणजे १,०५० दिवस. रात्रंदिवस धरून जवळजवळ तीन वर्षं मी लोकलमध्ये उभा होतो. त्याच अठ्ठावीस वर्षांत मी नदीवर किती वेळा गेलो? विसर्जनाचे दिवस सोडले तर एकदाही नाही.

माझी पत्नी मला दर रविवारी म्हणायची, ‘आज संध्याकाळी नदीपर्यंत जाऊ या का?’ मी म्हणायचो, ‘पुढच्या रविवारी.’ रविवारी दळण असायचं, सोसायटीची मीटिंग असायची, आणि काहीच नसलं तर झोप असायची. ती रुसली नाही, भांडली नाही. ती शेजारच्या बायकांबरोबर जात असे. येताना कधी काटेसावरीचं लालभडक फूल आणायची, कधी रानातली भाजी. फूल टीपॉयवर ठेवायची. मी पेपर वाचताना ते बाजूला सारायचो.

२०१६ मध्ये मी निवृत्त झालो. आता जाऊ, असं ठरलं. पण घराचं रंगकाम निघालं, मग मुलीचं बाळंतपण आलं. आणि २०१७ च्या मार्चमध्ये थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन माझी पत्नी गेली. नदीवर जायचं राहूनच गेलं.

त्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांचं वर्णन करत नाही. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांना ते सांगावं लागत नाही, आणि ज्यांच्यावर आलेली नाही त्यांना सांगून कळत नाही. एवढंच सांगतो, की माझी झोप गेली. रात्री दोनला जाग यायची ती यायचीच. मग मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा फिरायची. तेव्हा दोन दिवस आधी डॉक्टरकडे नेलं असतं तर? तेव्हा रविवारी ‘हो’ म्हटलं असतं तर? आणि त्याच वेळी बाहेर अंधारात टिटवी ओरडायची. टिटवी रात्री ओरडली की अशुभ, असं आपल्याकडे मानतात. मी काही फार देवभोळा नाही, पण त्या दिवसांत तो आवाज ऐकला की अंगावर काटा यायचा. उठून खिडकी लावून घ्यायचो.

शेवटी मुलीने धरून कल्याणला एका डॉक्टरांकडे नेलं. तरुण मुलगी होती. तिने सगळं नीट ऐकलं, रक्त तपासून घेतलं, एक गोळी लिहून दिली आणि म्हणाली, ‘काका, ही रोज घ्यायची, मनाने थांबवायची नाही. आणि दुसरं औषध, रोज सकाळी अर्धा तास मोकळ्यावर उजेडात चालायचं. तुमच्याकडे नदी आहे ना? नदीपर्यंत जाऊन यायचं.’ मला हसू आलं. जे बायकोने वीस-पंचवीस वर्षं सांगितलं, ते आता फी देऊन ऐकत होतो.

गेलो. पहिल्या दिवशी काय वाटलं? काहीही नाही. नदी म्हणजे हिवाळ्यातलं संथ, थोडं गढूळ पाणी, काठावर कुणी फेकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य. याच्यासाठी आपण आलो? पण डॉक्टरने सांगितलं होतं आणि मला शिस्तीची सवय होती. मस्टरवर सही करावी तसा मी रोज गेलो. पहिले पंधरा-वीस दिवस मी नदीवर जायचो, पण नदी दिसायची नाही. डोक्यात रात्रीचंच चक्र चालू असायचं.

मग हळूहळू एकेक गोष्ट डोळ्यांत शिरू लागली. एक खंड्या रोज त्याच वाळक्या फांदीवर बसतो, हे लक्षात आलं. जानेवारीत काटेसावरीची पानं झडली आणि नुसत्या फांद्यांवर फुलं आली. हेच ते टीपॉयवरचं फूल. तिथे मी थोडा वेळ उभा राहिलो. फेब्रुवारीत पळस पेटला, मग पांगारा. कुठे तरी ठठेराने तांबं ठोकावं तसा आवाज यायचा. शोधलं तर मुठीएवढा हिरवा पक्षी निघाला. त्याचं नावच तांबट. हे सगळं दरवर्षी माझ्या घरापासून अर्ध्या तासावर घडत होतं.

एप्रिलमध्ये एक गोष्ट घडली. नदीकाठच्या माळावरून जाताना एक टिटवी माझ्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली. मी थांबलो की ती गप्प, पुढे सरकलो की पुन्हा आरडाओरडा. एक गुराखी पोरगा म्हणाला, ‘आजोबा, पायाखाली बघा. अंडी हायेत तिची.’ पाहिलं तर उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध, खड्यांसारखीच ठिपक्यांची चार अंडी. घरटं म्हणावं असं काही नाहीच. मी मागे सरलो. पुढे पक्ष्यांच्या पुस्तकात वाचलं, की उन्हाळ्याच्या तडाख्यात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. नर आणि मादी पाळीपाळीने बसतात. रात्री एखादा कोल्हा, कुत्रा, माणूस जवळून गेला की ती ओरडते. म्हणजे ज्या आवाजाला मी अशुभ समजून खिडकी लावत होतो, तो आपली पिल्लं राखणाऱ्या आईबापांचा आवाज होता. त्या रात्री टिटवी ओरडली तेव्हा मी खिडकी लावली नाही. झोप लगेच लागली असं नाही. पण डोक्यातल्या चक्राला त्या रात्री दुसरा विषय मिळाला.

श्रोतेहो, हा माझा एकट्याचा अनुभव. त्यावरून जगाला उपदेश करणं बरं नव्हे. म्हणून मी थोडं वाचन केलं. या विषयावर शास्त्रज्ञांनी बरंच काम केलेलं आहे, असं दिसलं.

१९८४ साली रॉजर उलरिच नावाच्या अमेरिकी संशोधकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे कागद त्याने तपासले. तेवीस रुग्ण असे होते की ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत. त्यांच्याच वयाचे, त्यांच्यासारखेच दुसरे तेवीस असे, की ज्यांच्या खिडकीतून विटांची भिंत दिसे. झाडं पाहणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत. फरक पाऊण दिवसाचाच. पण झाडं पाहणाऱ्यांना वेदनेवरची जोरकस औषधं कमी लागली, आणि परिचारिकांच्या नोंदींत त्यांच्या रडण्या-कुरकुरण्याचा उल्लेखही कमी होता. औषध तेच, शस्त्रक्रिया तीच, फरक खिडकीचा.

जपानमध्ये तिथल्या सरकारी वनखात्याने १९८२ साली ‘शिन्रिन-योकु’ असा शब्द काढला. मराठीत वनस्नान म्हणता येईल. जंगलात जाऊन व्यायाम करायचा नाही, डोंगर सर करायचा नाही. सावकाश हिंडायचं, वास घ्यायचा, ऐकायचं, बसायचं. पुढे तिथल्या संशोधकांनी अशा माणसांचा रक्तदाब, नाडी, लाळेतली ताणाची संप्रेरकं मोजली. शहरात हिंडणाऱ्यांपेक्षा ती थोडी कमी भरली.

मला सर्वांत पटला तो मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याचा विचार. ते म्हणतात, माणसाचं लक्ष दोन प्रकारचं असतं. एक ओढून लावलेलं, दुसरं आपसूक लागलेलं. खतावणीतले आकडे तपासताना, गर्दीत पाकीट सांभाळताना, रस्ता ओलांडताना आपण लक्ष ओढून लावतो. ते थकतं. थकलं की माणूस चिडतो, चुका करतो. वाहतं पाणी, हलणारी पानं, उडणारा पक्षी यांकडे लक्ष आपसूक लागतं, जोर लावावा लागत नाही. तेवढ्या वेळात पहिल्या लक्षाला विश्रांती मिळते. आयुष्यभर आकडे तपासलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि ते रात्रीचं चक्र? त्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ रवंथ. गाईने चारा चघळावा तसं माणूस आपलं दुःख चघळतो. फरक इतकाच, की गाईला त्यातून पोषण मिळतं. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळ अडतीस जणांवर एक प्रयोग झाला. काहींना दीड तास गवताळ, झाडं असलेल्या भागातून चालवलं, काहींना दीड तास वाहत्या रस्त्याच्या कडेने. आधी आणि नंतर प्रश्न विचारले, मेंदूची चित्रं घेतली. झाडांतून चाललेल्यांचं हे मानसिक रवंथ कमी झालं होतं. रस्त्याने चाललेल्यांचं झालं नव्हतं. म्हणजे नुसत्या चालण्याचा हा गुण नाही, कुठून चालता त्यालाही अर्थ आहे.

किती वेळ पुरे? २०१९ साली इंग्लंडमधल्या जवळजवळ वीस हजार लोकांच्या माहितीवरून एक निष्कर्ष निघाला. आठवड्यात एकूण दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांत आपली तब्येत आणि मन ठीक असल्याचं सांगणारे अधिक होते. ते दोन तास एकदम घेतले की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. अर्थात यात एक गोम आहे. मुळात धडधाकट असतात तेच जास्त बाहेर पडतात, असंही असू शकतं. संशोधकांनाही ते मान्य आहे. पण आठवड्याला दोन तास हा आकडा मला आवडला. वर्षाचे १०४ तास. मी लोकलला दिलेल्या वेळाचा आठवा हिस्सासुद्धा नव्हे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी तुमची दिशाभूल केली असं होईल.

माझे एक थोरले काका होते. मी त्यांना पाहिलेलं नाही, भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं. १९४० च्या सुमारास त्यांना क्षय झाला. त्या काळी क्षयावर औषधच नव्हतं. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच उपचार. म्हणून पाचगणीला डॉ. बिलिमोरियांचं बेल-एअर, मिरजेजवळ वानलेसवाडी, अशी आरोग्यधामं उभी राहिली होती. काकांनाही आजोबांनी शेताचा तुकडा विकून अशाच एका ठिकाणी पाठवलं. त्यांची पत्रं घरात बरीच वर्षं होती. सकाळचं धुकं, झाडं, वारा याबद्दल त्यांनी आनंदाने लिहिलं होतं. काका वाचले नाहीत. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पण आमच्या घरापर्यंत पोचायला ते उशिरा पोचलं.

पुढे १९५६ पासून मद्रासला एक मोठा प्रयोग झाला. तेव्हा औषधं आली होती. काही क्षयरुग्णांना आरोग्यधामात ठेवून औषधं दिली, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच ठेवून तीच औषधं दिली. १९५९ साली निष्कर्ष आला. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. क्षय बरा करत होतं ते औषध, हवा नव्हे. या एका प्रयोगाने जगभरच्या आरोग्यधामांचं महत्त्व ओसरलं, आणि ज्या गरिबाला पाचगणी परवडणार नव्हती त्याला आपल्या घरात बरं होण्याचा मार्ग मिळाला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी रोज टेकडी चढायला सुरुवात केली, बरं वाटू लागलं, आणि रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. सहा महिन्यांत त्यांना पक्षाघात झाला. नदी, झाड, डोंगर हे गोळीच्या जागी नाहीत. ते गोळीच्या सोबतीला आहेत. मी स्वतः ती गोळी सव्वा वर्ष घेतली आणि डॉक्टरने सांगितलं तेव्हा, तिने सांगितलं तशी, हळूहळू कमी केली. नदीने मला बरं केलं, असं मी म्हणत नाही. औषधाने मला उभं केलं, आणि उभं राहिल्यावर कुठे जायचं ते नदीने दाखवलं. काकांच्या बाबतीतही मला असंच वाटतं. त्या हवेने त्यांचा आजार हटला नाही, पण शेवटच्या दिवसांत त्यांनी धुक्याबद्दल आनंदाने लिहिलं, हेही काही कमी नव्हे.

आणखी एक चूक माझ्या हातून होत होती. ती एका बाईने सुधारली. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या स्टेशनबाहेर आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं, टाकळा, कुर्डू, पुढे कंटोळी. एकीला मी उत्साहाने म्हणालो, ‘मावशी, तुमचं बरं आहे, रोज रानात राहता.’ ती शेवळांच्या जुड्या बांधता बांधता म्हणाली, ‘बाबा, तुम्ही रानात हवा खायाला येता. आम्ही जातो ते पोटाला.’ मी वरमलो. पहाटे चिखलातून, काट्यातून हिंडून तिने त्या जुड्या गोळा केल्या होत्या. तिला निसर्गाचा महिमा सांगणारा मी कोण? तेव्हापासून मी भाव करत नाही, आणि ‘निसर्गात सगळे सुखी असतात’ असं वाक्यही उच्चारत नाही. नदीसुद्धा नेहमी मायाळू नसते. २६ जुलै २००५ ला उल्हास, भातसा, काळू साऱ्याच कशा फुगल्या होत्या, ते या पट्ट्यातला माणूस विसरणार नाही. रुंद्याचा पूल पाण्याखाली गेल्याची बातमी पावसाळ्यात तुम्हीही वाचली असेल. खडवलीला भातसेत बुडून गेलेल्या तरुण मुलांच्या बातम्याही वाचल्या असतील. नदीकाठी जायचं म्हणजे पाण्यात उतरायचं नव्हे, हे तरुण श्रोत्यांना हात जोडून सांगतो.

२०२० चा मार्च आला आणि नदीवर जाणंही बंद झालं. साठीपुढच्या माणसाने तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला धास्ती वाटली ती कोरोनापेक्षा जुन्या रात्रींची. पण आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून एक उंबर आहे, तो गॅलरीतून दिसतो. इतकी वर्षं होता, मी पाहिला नव्हता. त्या दिवसांत सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याच्यासमोर बसू लागलो. फळं पिकली की तांबट, बुलबुल, कधी पिवळाधमक हळद्या. संध्याकाळी वटवाघळं. तेव्हा मला उलरिचच्या त्या खिडकीचा अर्थ नीट कळला. ज्याला नदीपर्यंत जाता येत नाही, त्याला एक झाड पुरतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा पलंग नुसता फिरवून खिडकीकडे केला, तरी तेवढी हवापालट होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सभेत हाच उंबर तोडायचा विषय निघाला. गाड्या लावायला जागा हवी होती. फळं गाड्यांवर पडतात, चिलटं होतात, ही तक्रारही खोटी नव्हती. मी सभेत बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी उठलो. आधी नियम सांगितला, की १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यानुसार शहरी भागात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी नसताना झाड तोडता येत नाही. सेक्रेटरी म्हणाले, ‘काका, परवानगी मिळवता येईल.’ मग मी नियम सोडला आणि विचारलं, ‘आपल्या इमारतीत आजारी म्हातारी माणसं किती आहेत? त्यातली किती जण दिवसभर या झाडाकडे तोंड करून बसतात?’ थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरची एक सूनबाई म्हणाल्या, ‘आमच्या सासूबाई बसतात. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत, पण पक्षी आला की बोट दाखवतात.’

झाड वाचलं. गाड्यांवर येणाऱ्या फांद्या रीतसर परवानगी घेऊन छाटायच्या, असं ठरलं. हा काही मोठा विजय नव्हे. पुढच्या सभेत विषय पुन्हा निघू शकतो. आमच्या आजूबाजूला इमारती वाढताहेत, माळ कमी होतोय. ज्या जागी मी टिटवीची अंडी पाहिली, तिथे आता एक पत्र्याचं कुंपण आहे. म्हणून म्हणतो, हे औषध फुकट असलं तरी ते कायम मिळेलच असं नाही. ते राखावं लागतं.

जाता जाता चार व्यवहाराच्या गोष्टी. एक, जागा जवळची निवडा. ठाण्यात असाल तर येऊर आहे, कल्याणात काळा तलाव आहे, डोंबिवलीत खाडीचा काठ आहे. काहीच नसेल तर एक झाड. दोन, जागा सारखी बदलू नका. एकाच जागी बाराही महिने गेलात तरच ती बोलते. तीन, मोबाईल खिशात ठेवा. फोटो काढायला गेलो की लक्ष पुन्हा ओढून लावावं लागतं. चार, पहिले पंधरा दिवस काहीही वाटणार नाही, तरी जा. आणि कुणी घरात सहा-आठ महिने गप्प बसलं असेल, झोपत नसेल, तर आधी त्याला डॉक्टरकडे न्या. मग नदीवर.

तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा दुष्काळात गेले. त्यानंतर ते डोंगरावर एकांतात जाऊन बसत, असं परंपरा सांगते. भंडारा आणि भामचंद्र हे ते डोंगर, देहूपासून चालत जाण्याजोगे. एवढ्या मोठ्या माणसाशी मी माझी तुलना करत नाही. पण दुःख झालेल्या माणसाने जवळच्या डोंगरावर जाऊन बसावं, ही आपल्या मातीतली जुनीच रीत आहे, एवढंच सुचवतो. त्यासाठी जपानी शब्दाची गरज नाही.

आजही रोज सकाळी मी नदीवर जातो. जाताना माझ्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी असते. ती भरून निघत नाही आणि निघावी अशी माझी इच्छाही नाही. फक्त तुमच्या घरात आज कुणी म्हणालं, की ‘संध्याकाळी जरा बाहेर जाऊ या का?’, तर पुढच्या रविवारवर ढकलू नका. दळण उद्याही आणता येतं.